चेहऱ्यावरची अ‍ॅसिडं: नागपूरच्या हवेत कोणतं, कधी आणि किती?

मी नागपुरात मेडिकल स्टोअर चालवतो. अलीकडे काउंटरवर खोकल्याच्या औषधाइतकीच चेहऱ्याला लावायच्या अ‍ॅसिडच्या सिरमची चौकशी होते. मोबाइलवर फोटो दाखवतात, "हेच द्या" म्हणतात, आणि कशासाठी हवंय विचारलं की एकमेकांकडे बघतात. खालचे प्रश्न तिथेच ऐकलेले आहेत. मी फार्मसिस्ट आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही. जिथे डॉक्टर लागतो तिथे तसं सांगितलं आहे.

अ‍ॅसिड निवडायचे तक्ते बहुतेक ठिकाणी त्वचेच्या प्रकारापासून सुरू होतात. मी आधी महिना कोणता ते विचारतो. डिसेंबरात छान चाललेली बाटली त्याच चेहऱ्याला मे महिन्यात नडते, हे आपल्या गावात दर उन्हाळ्यात दिसतं.

"काका, अ‍ॅसिड म्हणजे चेहरा भाजणार नाही का?"

संडास धुवायची बाटली डोळ्यांसमोर ठेवून हा प्रश्न येतो, आणि तो चुकीचाही नाही. पण दह्यात लॅक्टिक अ‍ॅसिड असतं, चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक. कोणतं अ‍ॅसिड, किती तीव्र आणि किती वेळ, यावर सगळं ठरतं.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. खालून नव्या पेशी वर येतात, जुन्या गळून पडतात. तरुण वयात या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढतं तसा वेळ वाढतो. गळायच्या पेशी चिकटून बसल्या की चेहरा निस्तेज दिसतो, रंध्रं बुजतात. ही अ‍ॅसिडं त्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतात, त्यामुळे घासावं लागत नाही. 1974 साली व्हॅन स्कॉट आणि यू या दोन अमेरिकी संशोधकांनी इक्थिओसिस या जाड खवले धरणाऱ्या आजारात यांचा उपयोग दाखवून दिला. सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात ती नंतर आली.

"एएचए, बीएचए, पीएचए... यातलं मला कोणतं?"

आधी तिन्ही काय आहेत ते बघू.

एएचए म्हणजे अल्फा हायड्रॉक्सी अ‍ॅसिडं. ती पाण्यात विरघळतात आणि मुख्यतः वरच्या थरावर काम करतात. यातलं ग्लायकोलिक सगळ्यात लहान रेणूचं. त्यामुळे ते झपाट्याने आत शिरतं, परिणाम लवकर दाखवतं आणि चुणचुणतंही जास्त. लॅक्टिकचा रेणू थोडा मोठा, शिवाय ते त्वचेत पाणी धरून ठेवायला मदत करतं. मँडेलिकचा रेणू ग्लायकोलिकच्या जवळपास दुप्पट वजनाचा, म्हणून ते सावकाश शिरतं. भारतीय त्वचेला ते जास्त मानवतं असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण डागांच्या प्रश्नात येईल.

बीएचए म्हणजे बीटा हायड्रॉक्सी अ‍ॅसिड, व्यवहारात एकच: सॅलिसिलिक. हे तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रात उतरू शकतं. ब्लॅकहेड्सवर ते चालतं ते याचमुळे.

पीएचए म्हणजे पॉलीहायड्रॉक्सी अ‍ॅसिडं: ग्लुकोनोलॅक्टोन आणि लॅक्टोबायोनिक. मोठे रेणू, मंद काम, ओलावा धरणारे. जाहिरातीत यांना फारसं कुणी विचारत नाही, कारण आठवड्यात 'ग्लो' दाखवता येत नाही.

"माझी त्वचा तेलकट की कोरडी, ओळखायचं कसं?"

साध्या फेसवॉशने तोंड धुवा, काहीही लावू नका, अर्धा तास थांबा. सगळीकडे चमक आली तर तेलकट. ओढल्यासारखं वाटलं, पापुद्रे दिसले तर कोरडी. कपाळ-नाक चमकतंय आणि गाल ओढताहेत तर मिश्र. लाली आली, खाज सुटली तर नाजूक.

पण ही परीक्षा दुपारी उन्हातून आल्या आल्या करू नका, आणि कूलरच्या थेट झोतात बसूनही नाही. आणखी एक: एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची दुपारची हवा इतकी कोरडी असते की तेलकट त्वचेतलंही पाणी उडून जातं. वरून तेल, आतून तहान. अशा चेहऱ्याला लोक 'फारच तेलकट झालाय' म्हणून आणखी कडक अ‍ॅसिड लावतात, मग तो लालबुंद होऊन काउंटरवर येतो. दिवसभर एसी ऑफिसात बसणाऱ्यांचंही हेच. त्वचेचा प्रकार वर्षातून दोनदा तपासा, एकदा थंडीत आणि एकदा उन्हाळ्यात.

"तेलकट चेहरा, ब्लॅकहेड्स, बारीक पुरळ. काय घेऊ?"

सॅलिसिलिक. नवखे असाल तर आधी 1 किंवा 2 टक्क्यांचा फेसवॉश घ्या. तो धुऊन जातो, त्यामुळे काम कमी करतो आणि त्रासही कमी देतो. तीन-चार आठवडे तो सोसला तर 2 टक्क्यांचं सिरम आठवड्यातून दोन रात्री. 2 टक्क्यांच्या वर घरी जायची गरज नाही.

कपाळावर केसांच्या रेषेलगत एकसारखी बारीक पुरळ असेल, तर आधी डोक्याला लावायचं तेल तपासा. रात्री चंपी करून तेच तेल उशीवर आणि उशीवरून कपाळावर जात असतं. तेल थांबवूनही पुरळ गेली नाही आणि खाजत असेल, तर ती बुरशीची असू शकते. तिचं औषध वेगळं, ते डॉक्टरच देतील.

अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर सॅलिसिलिक घेऊ नका. हा प्रश्न मी विचारतो तेव्हा लोक चमकतात, पण दोन्ही एकाच कुळातली आहेत.

"कोरड्या त्वचेला अ‍ॅसिड लागतं का?"

बऱ्याच जणांना लागत नाही. चांगलं मॉइश्चरायझर नियमित लावलं की निम्मे पापुद्रे जातात. त्यानंतरही चेहरा खरबरीत वाटला तर 5 टक्क्यांचं लॅक्टिक, आठवड्यातून एकदा, वरून जाड क्रीम. दंडांवर आणि मांड्यांवर काटा आल्यासारखे बारीक दाणे असतात ना, त्याला केराटोसिस पिलॅरिस म्हणतात. तिथे लॅक्टिक किंवा युरिया असलेलं लोशन छान काम करतं. पण ते दाणे कायमचे जात नाहीत. लावणं थांबवलं की परत येतात.

"नाजूक त्वचा आहे, काहीही लावलं की आग होते."

पीएचए. आणि तेही आग पूर्ण थांबल्यावर. आज आग होत असेल तर आज कुठलंच अ‍ॅसिड नाही.

"मिश्र त्वचा?"

नाकाला आणि कपाळाला सॅलिसिलिक, गालांना काही नाही. अख्ख्या चेहऱ्याला एकच उत्पादन फासायचा नियम कुणी केलेला नाही.

"पिंपल्स गेले, काळे डाग राहिले. कोणतं अ‍ॅसिड लवकर घालवेल?"

'लवकर' हा शब्द इथे घात करतो. आपली सावळी-गव्हाळ त्वचा एका बाबतीत फार तत्पर असते: जराशी इजा झाली, जळजळ झाली, की ती तिथे रंगद्रव्य ओतते. पिंपलचा डाग असाच पडतो. आता तो घालवायला तुम्ही कडक ग्लायकोलिक लावलं आणि चेहरा भाजला, तर त्या भाजण्याचा नवा डाग पडतो, जुन्यापेक्षा मोठा. गोऱ्या कातडीच्या लोकांचे व्हिडिओ बघून आपण टक्के ठरवतो, तिथे गणित चुकतं. त्यांच्याकडे जास्त झालं तर लाली येते आणि जाते. आपल्याकडे काळं पडतं आणि महिनोन्‌महिने राहतं.

म्हणून डागांसाठी मी मँडेलिक 5 ते 10 टक्के किंवा अझेलिक 10 टक्के सुचवतो. अझेलिक हे खरं तर एएचएही नाही आणि बीएचएही नाही. ते पिंपल्सवर आणि डागांवर दोन्हीकडे काम करतं आणि ऊन सहन करायची ताकद कमी करत नाही. सुरुवातीला थोडं खाजतं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात.

गालांवर दोन्ही बाजूंना सारखाच तपकिरी पट्टा असेल तर तो वांग असण्याची शक्यता जास्त. वांगाला नुसतं ऊन नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाश आणि उष्णताही वाढवते. त्याला आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन लागतं. वांगावर स्वतःच्या मनाने अ‍ॅसिड लावू नका, डॉक्टरकडे जा.

"उन्हाळ्यात अ‍ॅसिड बंदच करायचं का?"

या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर, म्हणून जरा सविस्तर.

एएचएमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. अमेरिकेचं एफडीए (तिथलं अन्न आणि औषध नियंत्रण खातं) उत्पादकांना 2005 पासून लेबलवर तसा इशारा छापायला सांगतं. वापर थांबवल्यावर हा हळवेपणा साधारण आठवडाभरात ओसरतो. आता हे आपल्या गावाला लावून बघा. 2013 च्या मेमध्ये इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. 44-45 तर आपण बातमीही मानत नाही. आणि 2018 च्या डिसेंबरअखेर इथेच 3.5 अंशांची थंडीही पडली. एकाच शहरात इतका फरक असेल तर बारा महिने एकच रूटीन चालणार कसं?

माझं कॅलेंडर असं आहे. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत एएचएचा हंगाम: ऊन सौम्य, घाम कमी. नवीन काही सुरू करायचं तर तेव्हाच. हवा कोरडी असते, म्हणून वरून मॉइश्चरायझर मात्र जाड हवं. होळीच्या आसपास ग्लायकोलिक आठवड्यातून एकदावर आणा, मार्च सरता सरता थांबवा. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत, आणि नवतपात (मेअखेरचे नऊ कडक दिवस) तर नक्कीच, ज्यांना दुपारी बाहेर पडावं लागतं त्यांनी ग्लायकोलिक लावूच नये. तेलकट चेहऱ्याला सॅलिसिलिकचा फेसवॉश पुरतो, बाकीच्यांना पीएचए किंवा काहीच नाही. पाऊस लागला, हवा दमट झाली, रंध्रं बुजायला लागली की सॅलिसिलिकचं सिरम परत काढा. ढगांमधूनही अतिनील किरणं येतात, तेव्हा पावसाळ्यात सनस्क्रीन सुटत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये घाई करू नका.

ज्यांचं काम घरात किंवा ऑफिसात आहे, जे सूर्य मावळल्यावरच बाहेर पडतात, त्यांना मँडेलिक उन्हाळ्यातही चालू शकतं. हा अपवाद आहे. डिलिव्हरी करणारी मुलं, शाळेच्या शिक्षिका, साइटवरचे इंजिनीअर, मार्केटिंगवाले या अपवादात बसत नाहीत.

"मी गाडीवर पूर्ण तोंडाला दुपट्टा बांधते. तरी सनस्क्रीन?"

हो. दुपट्टा उत्तम, तो सोडू नका. पण पातळ सुती कापडातून किरणं बऱ्यापैकी आत येतात, घामाने ओलं झालं की आणखी. शिवाय कपाळ, डोळ्यांखालचा भाग आणि नाकाचा वरचा कडा बहुधा उघडाच असतो, आणि टॅन नेमका तिथेच पडतो. एसपीएफ 30 किंवा जास्त, चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून. दुपट्टा रोज धुवा. घाम आणि धूळ मुरलेलं तेच कापड पुन्हा गालांवर घासलं की जी पुरळ उठते तिला कुठलंही अ‍ॅसिड पुरं पडत नाही.

"बाटलीवर 10 टक्के लिहिलंय. म्हणजे 5 पेक्षा दुप्पट चांगलं?"

पीएच (आम्लता मोजायचा आकडा; जितका कमी तितकं तीव्र) माहीत नसेल तर तुलनाच होत नाही. ग्लायकोलिकचा पीएच 3.8 च्या आसपास असेल तर त्याचा साधारण निम्मा भाग मोकळ्या, काम करणाऱ्या रूपात असतो. पीएच 5 झाला की तोच भाग सहा-सात टक्क्यांवर येतो. म्हणून पीएच 5 चं 10 टक्क्यांचं सिरम पीएच 3.8 च्या 5 टक्क्यांपेक्षा मवाळ असू शकतं. अमेरिकेत 1998 साली तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक आणि लॅक्टिकची मर्यादा 10 टक्के आणि पीएच 3.5 च्या खाली नाही, अशी ठरवली. खरेदी करताना हे दोन आकडे लक्षात ठेवा. खोक्यावर टक्के मोठ्या अक्षरात आणि पीएचचा पत्ताच नाही, असं असेल तर मी ते उत्पादन मागच्या फळीत ठेवतो.

"पहिल्यांदा कसं लावू?"

आधी कानामागे किंवा जबड्याखाली तीन-चार रात्री लावून बघा. काही झालं नाही तर चेहऱ्यावर आठवड्यातून एक रात्र. चेहरा धुवून पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या त्वचेवर जास्त चुणचुणतं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडा सोडा. चार-पाच थेंब पुरे. वर मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. दोन आठवडे निभावलं तर दोन रात्री. तीनच्या वर बहुतेकांना कधीच जावं लागत नाही.

थोडं चुणचुणणं मिनिटाभरात थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर धुऊन टाका, 'काम करतंय' असं समजू नका.

"लिंबू, संत्र्याची सालं, दही... घरचं नैसर्गिक का नको?"

संत्रानगरीत राहून सालींची पावडर न लावलेलं घर सापडणार नाही. तिच्यात अ‍ॅसिड अगदी थोडं असतं. ती काम करते ती घासून, आणि जाडीभरडी असेल तर गालावर ओरखडे काढते. मैदाचाळणीतून गाळून, दह्यात कालवून, हलक्या हाताने लावली तर फार बिघडत नाही. पिंपल्सवर मात्र नको.

दही बिचारं निरुपद्रवी. त्यातलं लॅक्टिक अ‍ॅसिड जेमतेम टक्काभर. थंड वाटतं, जरा मऊ वाटतं, बस.

लिंबाला माझा ठाम विरोध आहे. रसाचा पीएच 2 ते 2.5 असतो, म्हणजे कुठल्याही सिरमपेक्षा तीव्र, आणि तोही मोजमापाविना. त्याहून वाईट म्हणजे लिंबाच्या सालीत आणि रसात असे घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड आणि नंतर काळे पट्टे उठतात. उन्हाळ्यात सरबतासाठी ढीगभर लिंबं पिळून तसेच उन्हात गेलेल्या हातांवरही हे होतं.

"याच्याबरोबर काय लावू नये?"

ज्या रात्री अ‍ॅसिड, त्या रात्री ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन, रेटिनॉल (ही सगळी रेटिनॉइड्स) नाही. पिंपल्सवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइडही वेगळ्या वेळी. स्क्रब तर घरातूनच काढून टाका. दोन अ‍ॅसिडं एकावर एक थापू नका. नियासिनमाइड, हायल्युरोनिक आणि सेरामाइड चालतात. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नको.

"ऑनलाइन 30 टक्क्यांचं लाल पील मिळतं, दहा मिनिटांत धुवायचं. घेऊ?"

नको. 2024 मध्ये एफडीएने घरी वापरायच्या तीव्र पील्सबद्दल (पील म्हणजे कातडीचा वरचा थर सोलून काढणारं द्रावण) सरळ इशारा दिला: भाजणं, व्रण, रंग बिघडणं. हे काम त्वचारोगतज्ज्ञाच्या खुर्चीत होऊ द्या.

"ताईने सांगितलेली ट्यूब लावते, चेहरा उजळला. आता वर अ‍ॅसिड लावू का?"

ती ट्यूब आधी दाखवा. गोरेपणासाठी तोंडातोंडी फिरणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. महिना-दोन महिने चेहरा छान दिसतो. मग कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते, पिंपल्स फुटतात, आणि ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो. अशा चेहऱ्यावर कोणतंही अ‍ॅसिड म्हणजे जखमेवर मीठ. 2018 साली केंद्र सरकारने अशी क्रीमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी विकली जातात. यात आमच्याच धंद्यातल्या लोकांचा दोष आहे, तो मी झाकणार नाही. ट्यूब एकदम बंद करावी की हळूहळू, हे डॉक्टरच ठरवतील.

"पुढच्या आठवड्यात बहिणीचं लग्न आहे."

मग नवीन काहीच नको. आधीपासून लावत असाल तर फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगच्या चार-पाच दिवस आधी थांबवा, आणि नंतरही तेवढेच दिवस. पार्लरवालीला सांगा की अ‍ॅसिड सुरू होतं. न सांगता ओठावर वॅक्स केलं आणि कातडी सोलली, तर हळदीच्या दिवशी मिशीच्या जागी खपली.

"मान आणि काखा काळ्या पडल्यात, कितीही घासलं तरी जात नाही."

घासणं आजच थांबवा. मानेवर मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल आणि वजन वाढलेलं असेल, तर हा मळ नसून अ‍ॅकँथोसिस नायग्रिकन्स असू शकतो. त्याचा संबंध शरीर इन्सुलिनला दाद देत नाही याच्याशी असतो. सिरमचे पैसे साखरेच्या तपासणीला लावा. मुलगी असेल आणि पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरला सांगा.

"गरोदरपणात?"

लॅक्टिक, कमी टक्क्यांचं ग्लायकोलिक आणि अझेलिक साधारणपणे चालतात. सॅलिसिलिक लहानशा जागेवर ठीक, पण अंगभर नाही आणि पीलच्या रूपात नाही. रेटिनॉइड्स बंद. काहीही लावण्याआधी तुमच्या डॉक्टर मॅडमना विचारा.

"पुरुषांना वेगळं लागतं का?"

नाही. दाढी केल्यावर लगेच लावू नका, एवढंच. मानेवर आत वळणाऱ्या केसांचे दाणे होत असतील तर सॅलिसिलिकचा उपयोग होतो.

"लावल्यावर चेहरा लाल झाला, सालं निघताहेत. काय करू?"

सगळं थांबवा. साधा फेसवॉश, सेरामाइडचं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलिन, आणि दिवसा सनस्क्रीन. कोरफड, टूथपेस्ट, बर्फ घासणं यातलं काही नको. बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांत शांत होतं. पाणी भरलेले फोड, सूज किंवा पू दिसला तर वाट न बघता डॉक्टरकडे जा.

सुरुवातीला पिंपल्स वाढले तर? नेहमीच्याच जागी, बारीक, चार ते सहा आठवड्यांत ओसरणारे असतील तर वाट बघा. जिथे कधीच येत नव्हते तिथे आले, तर ते उत्पादन तुम्हाला सोसत नाही.

"ठेवायचं कुठे? फ्रीजमध्ये?"

फ्रीजची गरज नाही, सावलीतलं कपाट पुरे. मात्र मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत दुपारभर तापलेलं क्रीम फाटून पाणी वेगळं होऊ शकतं, तसं दिसलं तर परत करा. आणि गाडीच्या डिक्कीत सनस्क्रीन ठेवायची सवय सोडा. उन्हात उभ्या गाडीत ते शिजतं, मग लावलं काय आणि न लावलं काय.

"डॉक्टरकडे जायचं तर कुठे, आणि काय न्यायचं?"

मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, रांग असते. चेहऱ्याला काहीही न लावता जा, मेकअप तर नाहीच. आणि घरात चेहऱ्यासाठी म्हणून जे जे आहे, ती ताईची ट्यूबसुद्धा, ते सगळं खोक्यांसकट पिशवीत घालून न्या. मोबाइलवरच्या फोटोत घटकांची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.